अळूचा चुलतभाऊ आणि चौदा इंची कुंडी

काकूंच्या घरी रोज सकाळी साडेसहाला तुळशीला पाणी घातलं जातं आणि तांब्यात जे उरतं ते हॉलच्या कोपऱ्यातल्या मॉन्स्टेराला, म्हणजे चिरा पडलेल्या मोठ्या पानांच्या शोभेच्या वेलाला. २०२३ च्या जूनअखेर ते झाड घरी आलं, तेव्हापासून सप्टेंबर संपेपर्यंत हा नेम एक दिवसही चुकला नव्हता. बाहेर पाऊस धो धो कोसळत असला तरी काकूंचं म्हणणं, "ते बिचारं घरात आहे, त्याला कुठला पाऊस?" ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांनी मला जिन्यातच गाठलं. "अगं, जरा येऊन बघ. एवढं करतेय त्याचं, तरी मान टाकलीये."

आमच्या पुण्याच्या सोसायटीत कुणाचं झाड आजारी पडलं की मला बोलावतात. त्याला माझं ज्ञान कारण नाही. माझ्या गच्चीत मेलेल्या झाडांच्या रिकाम्या कुंड्यांची उतरंड आहे, ती सगळ्यांनी पाहिली आहे. इतकी मारली म्हणजे हिला काहीतरी कळत असणार, असा हिशेब.

झाडाचा पूर्वेतिहास असा. काका मे महिन्यात निवृत्त झाले आणि घरात एक मोठं, रुबाबदार झाड हवं असं त्यांच्या मनाने घेतलं. हडपसरच्या पुढच्या एका नर्सरीतून त्यांनी हे आणलं तेव्हा ते सहा इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत होतं. सात पानं, त्यातल्या वरच्या तीन पानांना छान खोल चिरा. नर्सरीवाला म्हणाला, "साहेब, एकदाच मोठी कुंडी घ्या, सारखी बदलायची कटकट नको." म्हणून चौदा इंची, दुधी रंगाची, चकचकीत सिरॅमिकची कुंडी आली. तळाला जेमतेम बोट जाईल एवढं एकच भोक, खाली मॅचिंग ताटली. त्याच संध्याकाळी काकांनी तळाला दोन इंच खडी घातली, वर लाल माती आणि शेणखत निम्मंनिम्मं, आणि मधोमध झाड बसवलं.

हवा शुद्ध होते हेही एक कारण होतं. काकांनी कुठेतरी 'नासा'चं वाचलं होतं. नासाचा तो प्रयोग १९८९ चा आणि खरा आहे, पण तो लहान, बंद पेटीत केलेला. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडला गेला तेव्हा निघालं की घरातल्या साध्या हवेच्या येण्या-जाण्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. हे मी काकांना सांगितलं नाही. झाड आवडतं एवढं कारण पुरे असतं.

जागा मात्र काकांनी अभ्यास करून निवडली होती. मॉन्स्टेराचं रोप अंधाराकडे वाढतं, हे त्यांनी मला मोबाईलवर दाखवलं. तेही खरंच आहे. १९७५ साली डोनाल्ड स्ट्राँग आणि थॉमस रे या दोघांनी 'सायन्स' नियतकालिकात मॉन्स्टेराच्या एका जातीबद्दल ते लिहिलं होतं. जंगलाच्या जमिनीवर उगवलेलं कोवळं रोप उजेडाकडे न जाता सगळ्यात गडद दिसणाऱ्या दिशेला सरपटतं. पण का, ते काकांनी पुढे वाचलं नव्हतं. जंगलात गडद दिसतो तो जाडजूड झाडाचा बुंधा. रोपाला तो गाठायचा असतो, कारण त्यावर चढून वर उजेडात जायचं असतं. आपल्या हॉलच्या कोपऱ्यात बुंधाही नाही आणि वर उजेडही नाही. माझ्या फोनवरचं उजेड मोजायचं ॲप त्या कोपऱ्यात भर सकाळी १८० लक्स दाखवत होतं, आणि पूर्वेच्या खिडकीपासून दोन फुटांवर पाच हजारांच्या वर.

मी पाहिलं तेव्हा सातातली चार पानं उरली होती. खालची दोन पिवळी. त्यांच्यावर काळपट तपकिरी डाग आणि डागांभोवती पिवळी कड. वरची दोन हिरवी, पण देठ लोंबलेले. मधे एक नवं पान आलं होतं ते तळहाताएवढं, हृदयाच्या आकाराचं, एकही चीर नसलेलं, टोक जळाल्यासारखं. कुंडीवर वाकले तर नाकाडोळ्यांसमोर बारीक काळी चिलटं उठली. मातीच्या कडेला कुंडीच्या भिंतीवर पांढुरकी खरपुडी धरली होती.

ती खरपुडी पाहून मी काकांकडे बघितलं. त्यांनी कबूल केलं. पान पिवळं पडलं म्हणून त्यांनी १९:१९:१९ आणलं होतं. ही द्राक्षवाल्यांची, टोमॅटोवाल्यांची नेहमीची पावडर, तीत नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के. एक लिटर पाण्यात ग्रॅम-दोन ग्रॅम टाकून द्यायची असते. काकांनी पोह्याच्या चमच्याने दोन चमचे कोरडीच मातीवर भुरभुरवली होती, दोनदा. त्यांच्या मुलाने बंगळुरूहून फोनवर सांगितलं होतं की पानांना चिरा पडत नाहीत म्हणजे कॅल्शियम कमी, म्हणून अंड्याची टरफलं. काकू दर शनिवारी खोबरेल तेलाने पानं पुसत होत्या, त्यावर धूळ बसून थर झाला होता. सोसायटीच्या माळीबुवांचं मत होतं की गच्चीत उन्हात ठेवा, आपोआप ठीक होईल. तेवढं बरं की कुंडी जागची हलत नव्हती.

आणि मग काकूंनी त्यांचा हुकमी एक्का काढला. "हे अळूच्या जातीचं आहे ना? तूच मागे म्हणालीस. मग अळूला कधी पाणी जास्त होतं का? माहेरी मोरीच्या मागे गुडघाभर अळू असायचं, सांडपाण्यात."

मी म्हणाले होते खरी. अळू, सुरण, अँथुरियम, मनी प्लांट आणि मॉन्स्टेरा, सगळं एकाच कुळातलं. अळूची खाज ज्यामुळे येते ते कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक मॉन्स्टेराच्या देठातही असतात, म्हणून पान कापताना चीक हाताला लागला की तीच खाज. पण भावकी एक असली तरी राहणी एक नसते. अळूच्या देठाला आडवा छेद दिला की बारीक भोकांची जाळी दिसते. त्या पोकळ्यांतून हवा खाली मुळांपर्यंत जाते, म्हणून ते चिखलात श्वास घेऊ शकतं. मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिको आणि त्याखालच्या मध्य अमेरिकेच्या जंगलातला वेल. त्याची मुळं पालापाचोळ्यात, बुंध्याच्या सालीच्या फटींत, अर्धी उघड्या हवेत. तिथे पाऊस कमी नाही, पण पडतो आणि निथळून जातो. मुळांना दिवसातून दहा वेळा भिजायला हरकत नसते, भिजलेलं राहायला असते.

काकूंना हे पटलं नाही. मग मी देवघरातली जळून गेलेल्या अगरबत्तीची काडी मागितली आणि कुंडीत तळापर्यंत खुपसली. पाच मिनिटांनी काढली तर वरच्या बोटभर भागाला जरा सुकी माती, त्याखाली अख्खी काडी काळी, ओली. नाकाशी धरली आणि काकूंच्या हातात दिली.

त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "मोरी तुंबली की येतो तसा."

निदान तेवढ्या एका वाक्यात झालं होतं. पाण्यातून प्राणवायू सरकायचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजार पट कमी असतो. मातीतल्या सगळ्या फटी पाण्याने भरून राहिल्या की मुळं गुदमरतात, मग पिथियमसारखे बुरशीच्या जवळपासचे सूक्ष्म जीव त्यांच्यावर बसतात, ज्यांचे बीजाणू पाण्यात चक्क पोहत फिरतात. मुळं मेली की पाणी वर चढत नाही आणि पानं लोंबतात. म्हणजे तहानेने जे दिसतं तेच बुडण्यानेही दिसतं. पान लोंबलं की काकू आणखी पाणी घालायच्या. काकांच्या पावडरीने त्यात भर घातली, कारण मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की जिवंत मुळांनाही ते ओढून घेणं जड जातं. आणि अंधाऱ्या कोपऱ्यात झाड पाणी पितच नव्हतं फारसं. वेगवेगळं पाहिलं तर दोघांनी केलेली एकही गोष्ट मूर्खपणाची नव्हती.

जुलैत पानांच्या टोकांशी पहाटे पाण्याचे थेंब दिसायचे, टीपॉयवर डाग पडायचे. काकूंना वाटलं, झाड तृप्त आहे. ते खरं तर जास्तीचं पाणी होतं. रात्री हवा दमट, माती ओली, म्हणून पानाच्या कडेने ते बाहेर ढकललं जात होतं. नुसते थेंब दिसले तर घाबरायचं कारण नाही, पण रोज दिसत असतील तर तांब्या बाजूला ठेवावा.

आता प्रश्न, ऑक्टोबरात कुंडी बदलावी का? पुण्यात मी असली झाडं एक तर फेब्रुवारीच्या शेवटी, नाहीतर मृगाच्या आसपास बदलते. तेव्हा पुढे वाढीचे दिवस असतात. ऑक्टोबरनंतर थंडी येते आणि जानेवारीत पहाटे पारा दहा-बारापर्यंत उतरतो, या झाडाला ते मुळीच मानवत नाही. पण सडणारी मुळं मुहूर्त बघत नाहीत. चार महिने वाट पाहिली असती तर बदलायला झाडच उरलं नसतं. ऑक्टोबरच्या उकाड्याचे तीन-चार आठवडे हातात होते, तेवढ्यात नव्या मुळांची सुरुवात झाली तरी पुष्कळ. काकूंना सांगितलं, बुधवारपर्यंत थेंब घालायचा नाही. गुरुवारी संध्याकाळी बसलो.

कुंडी उचलण्याचा प्रश्नच नव्हता. गोणपाटावर तिरकी करून मी आणि काकांनी ती बाल्कनीत ओढली. सुरी कडेने फिरवली, आडवी पाडली, बुंध्याशी धरून ओढलं. झाड इतक्या सहज बाहेर आलं की मी मागे बसलेच. भोवतालची सगळी लाल माती कुंडीतच राहिली, हातात आला तो फक्त सहा इंची कुंडीच्या आकाराचा गड्डा. जूनमध्ये नर्सरीतून आणला होता तसाच, कुंडीच्या कडेच्या रेघेसकट. तीन महिन्यांत एकही मूळ त्या लाल मातीत शिरलं नव्हतं. काका बघतच राहिले. ती सगळी माती त्यांनी स्वतः भरली होती.

खडीकडे गेलो तर तिच्या वरचा बोटभर थर अगदी चिखल, निळसर करडा, आणि तुंबलेल्या मोरीचा वास तिथूनच येत होता. खडी मात्र जवळजवळ कोरडी! काकांना याचं फार आश्चर्य वाटलं. निचरा व्हावा म्हणूनच तर घातली होती. त्यांना मी भांडी घासायचा स्पंज आणायला सांगितला. नळाखाली पूर्ण भिजवून आडवा धरला, थेंब पडायचे थांबेपर्यंत थांबले. मग तोच स्पंज उभा केला तर खालच्या कडेने पुन्हा धार लागली. स्पंज तोच, पाणी तेच. बारीक फटींच्या वस्तूत पाण्याचा एक ठरावीक उंचीचा थर तळाशी अडकून राहतोच. आडव्या स्पंजात तो थर म्हणजे जवळजवळ अख्खा स्पंज, उभ्यात फक्त खालचा भाग. कुंडीत खडी घातली की पाणी बारीक मातीतून मोठ्या फटींत लगेच उतरत नाही, माती पूर्ण भिजून ओसंडल्यावरच उतरतं. म्हणजे तो चिखलाचा थर जिथल्या तिथे राहतो, फक्त दोन इंच वर सरकतो, मुळांच्या जवळ. भोकावर एखादी खापरी, माती वाहून जाऊ नये म्हणून, तेवढीच पुरे. पूर्ण थर नको.

गड्डा बादलीत पाण्यात सोडला आणि बोटांनी नर्सरीतलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, धुऊन काढलं. अर्धा तास गेला यात. रंगावरून मुळांचा निकाल लावायचा नसतो, लाल मातीने आणि कोकोपीटने चांगलं मूळही तपकिरी होतं. चिमटीत धरून दाबायचं. जिवंत मूळ टणक लागतं, भेंडीच्या कोवळ्या देठासारखं. मेलेलं दाबलं की पिचकतं आणि ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते, हातात आतला दोरा राहतो. जाड मुळं अकरा होती. त्यातली सात मोज्यासारखी निघाली. चार टणक होती आणि त्यातल्या दोघांची टोकं पांढरी. त्या दोन टोकांवर मी काकूंना बोट ठेवायला लावलं.

गड्ड्याच्या अगदी पोटात आणखी एक गंमत निघाली. सुपारीपेक्षा जरा मोठी, जाळीदार कापडाची एक पुंगी, बुंध्याभोवती आवळलेली. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली रोपं कधीकधी अशा पुंगीत लहानाची मोठी करतात आणि पुढे ती कुणी काढत नाही. बारीक मुळं तिच्यातून कशीबशी बाहेर पडली होती, जाड व्हायला निघालेली तिथेच आवळली गेली होती. लहान कात्रीने ती मी तुकड्या-तुकड्याने कापली. नवं झाड आणलं की गड्ड्याच्या मध्यात बोट घालून ही एकदा चाचपावी.

कात्रीला स्पिरिट लावून मेलेली मुळं टणक भागापर्यंत कापली. पिवळी दोन पानंही काढली, हातमोजे घालून. काकूंनी मोजे घातले नाहीत आणि मग चिंच शोधत स्वयंपाकघरात गेल्या.

कुंडी आठ इंची घेतली, साधी काळी प्लॅस्टिकची, तळाला आठ भोकं असलेली. काकांचा चेहरा पडला. बावीसशे रुपयांच्या कुंडीतून चाळीस रुपयांच्या कुंडीत! पण हिशेब साधा आहे. आकार तोच धरला तर सहा इंचांवरून चौदावर जाणं म्हणजे घनफळ जवळजवळ पावणेतेरा पट. सहा इंची गड्ड्याची मुळं पितील तेवढ्याच पाण्याभोवती बारा गड्ड्यांइतकी ओली माती, जिला प्यायला कुणीच नाही. कुंडी बदलताना व्यासात दीड-दोन इंच वाढवायची, आणि मुळं कापावी लागली असतील तर वाढवायचीही नाही. इथे सहा इंचीही चालली असती. काकांकडे बघून मी आठवर आले, हे खरं सांगते. मातीच्या कुंडीचाही विचार केला होता. ती भिंतीतून सुकते, पावसाळ्यात उत्तम. पण पुण्याचा उन्हाळा आणि काकूंचं गावाला जाणं-येणं बघता प्लॅस्टिक बरं वाटलं.

मिश्रण अर्ध्या लिटरच्या मगाने मोजलं. नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे तीन मग, कोकोपीट दोन, परलाईट दोन, गांडूळखत एक, कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे एक. वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आणि सोडण आधी दोन-तीन पाण्यांतून काढले, कारण त्यांत मीठ असतं. परलाईट हा भट्टीत फुगवलेला ज्वालामुखीचा काचखडक, लाहीसारखा. कोरडा ओतला तर धूळ थेट छातीत जाते, म्हणून पिशवीतच पाणी शिंपडून घ्यायचा. तो नसेल तर विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे चालतात, कुंडी फक्त जड होते. कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणला होता. तो कुटायला काकूंनी खलबत्ता द्यायला साफ नकार दिला, मग फडक्यात बांधून बत्त्याऐवजी हातोडीने.

"यात माती कुठंय?" काकूंनी विचारलं. नाहीच. मूठभरही नाही. कुंपणाजवळच्या आंब्यावर चढलेला मनी प्लांट मी त्यांना बाल्कनीतून दाखवला. घरातल्या बाटलीत तो विड्याच्या पानाएवढा असतो, आंब्यावर त्याची पानं सुपाएवढी आहेत आणि त्यांना मॉन्स्टेरासारख्या चिरा पडल्या आहेत. त्याला कुणी अंड्याची टरफलं घातली नाहीत. चढायला बुंधा मिळाला आणि उजेड वाढत गेला, एवढंच. मॉन्स्टेराच्या पानाला भोकं का, यावर ख्रिस्तोफर म्यूर यांनी २०१३ मध्ये मांडलेली कल्पना मला आवडते. जंगलाच्या सावलीत ऊन कवडशांनी येतं. तेवढ्याच पानाच्या मालात भोकं ठेवून पान मोठ्या घेरात पसरलं तर एखादा तरी कवडसा हमखास सापडतो. भरेल ते पोट थोडं, पण रोज भरतं.

लावताना एक गोष्ट बहुतेक जण चुकतात. मॉन्स्टेराला पाठ-पोट असतं. ज्या अंगाने खोडाला तपकिरी हवाई मुळं फुटतात ती पाठ, ती बुंध्याला टेकायची बाजू. पानं तिच्या उलट बाजूला उजेडाकडे तोंड करतात. काथ्याची काठी पाठीला लावायची. काकांनी झाड आणल्यावर बांबू लावला होता तो पोटाच्या बाजूला, दोन देठांच्या मधून, आणि झाड त्याच्यापासून लांब पळत होतं. काठी आधी कुंडीच्या तळापर्यंत बसवली, मग झाड तिला टेकवून भोवती मिश्रण घातलं. दाबून बसवायचं नाही. कुंडी जमिनीवर दोन-तीनदा आपटली की पुरे. खोड पूर्वी होतं तेवढंच खोल, वर आलेलं एक हवाई मूळ मात्र वळवून मिश्रणात खोचलं. खोडाला काथ्याच्या दोरीने सैल आठाचा आकडा घालून बांधलं. एकदा पाणी दिलं, भोकांतून निथळू दिलं, आणि झाड पूर्वेच्या खिडकीपासून दोन फुटांवर ठेवलं, पातळ पडद्याआड.

मग सगळ्यात अवघड काम सुरू झालं, काकूंना थांबवण्याचं. खत नाही, दीड महिना. पाणी फक्त कुंडी उचलून हलकी लागली तर. आठ इंची कुंडीचा हा मोठा फायदा, ती एका हाताने उचलता येते. निथळल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती तीन किलो भरली होती, साधारण दोनवर आली की पाणी. काकूंनी ते आकडे फ्रिजवर चिकटवले.

नवव्या दिवशी उरलेल्यांतलं एक मोठं पान पिवळं पडलं. मी सांगून ठेवलं होतं की एक जाईल, तरी काकांचा फोन आला, आवाजात 'बघ, चाळीस रुपयांची कुंडी' असं काहीतरी. झाडाकडे चारच मुळं होती, तीन पानं पोसणं त्याला परवडत नव्हतं. ते पान पूर्ण पिवळं होईपर्यंत मी कापू दिलं नाही, जाता जाता ते आपल्यातलं नत्र वर पाठवत असतं. मग आठवडे काहीच नाही. एक मोठं पान आणि एक बिनचिरांचं छोटं, एवढ्यावर झाड दिवाळीभर तसंच उभं. पण लोंबलेलं देठ नोव्हेंबरच्या मध्यावर सरळ झालं होतं आणि पाणी सात-आठ दिवसांत संपायला लागलं होतं, आधी बारा लागत होते. कुणीतरी खाली पीत होतं. डिसेंबरात तळाच्या एका भोकातून पांढरं टोक दिसलं, काकूंनी त्याचा फोटो मला रात्री साडेदहाला पाठवला.

थंडीत कुंडी खिडकीपासून आणखी फूटभर आत घेतली आणि पाणी दोन आठवड्यांवर गेलं. चिलटं आपोआप गेली, वरचा थर सुकायला लागला की त्यांच्या अळ्यांना काही उरत नाही.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गुंडाळीसारखं नवं पान आलं, उलगडलं तेव्हा त्याला दोन चिरा. मार्चमध्ये आणखी एक, चार चिरांचं. मी जिन्यातून जरा ताठ चालायला लागले होते. आणि एप्रिलमध्ये माझी चूक बाहेर आली.

पारा चाळिशीच्या आसपास, हवा कोरडी ठणठणीत. नव्या पानांच्या कडा कागदासारख्या कुरकुरीत व्हायला लागल्या. काकू काट्याप्रमाणे पाणी घालत होत्या, ते लगेच खालून वाहून जात होतं, त्यांना वाटलं छान निचरा होतोय. मी कुंडी उचलली तर पाणी घातल्यावरही हलकी. असं मोकळं मिश्रण एकदा पूर्ण सुकलं की पाणी लगेच अंगाला लावून घेत नाही, पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं आणि आतला गड्डा कोरडाच. माझं मिश्रण पावसाळ्याच्या धास्तीने केलेलं होतं, पुण्याच्या एप्रिलसाठी ते फार मोकळं होतं. ऑक्टोबरात मी फक्त मागचं संकट डोळ्यांसमोर ठेवलं होतं. कुंडी बादलीत अर्ध्या उंचीपर्यंत वीस मिनिटं बुडवून ठेवली, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, मग निथळली. उन्हाळाभर दर पाच दिवसांनी असंच करायचं ठरलं. जूनच्या सुरुवातीला वरचं दोन इंच मिश्रण काढून तिथे कोकोपीट आणि गांडूळखत जास्त असलेलं भरलं. जळक्या कडा तशाच राहिल्या, पानाची कड पुन्हा हिरवी होत नाही. काकू पाहुण्यांना सांगतात, "ते हिचं पान."

खत आता महिन्यातून एकदा, तेच १९:१९:१९, पण एका लिटरला एक ग्रॅम, सोनाराच्या छोट्या काट्यावर मोजून. ते काम काकांकडे आहे आणि ते फार गंभीरपणे करतात. २०२४ च्या जुलैत झाडाला सात पानं होती. सगळ्यात वरच्या पानाला सात चिरा आणि मधल्या शिरेजवळ दोन भोकं. हवाई मूळ काठीच्या काथ्यात शिरलं होतं.

दुधी सिरॅमिकची कुंडी मधले आठ महिने बाल्कनीच्या कोपऱ्यात उलटी पडून होती. काकांना ती देऊन टाकवत नव्हती आणि बघवतही नव्हती. जूनमध्ये काकूंनी ती सरळ केली, एकुलत्या एक भोकात चिंधी कोंबली, काकांची तीच लाल माती आणि शेणखत भरलं आणि माहेरून आणलेले काळ्या देठाच्या वडीच्या अळूचे तीन कंद लावले. श्रावणात पहिल्या वड्यांचा डबा माझ्याकडे आला. तांब्यातलं उरलेलं पाणी आता रोज तिकडे जातं.